मोजपट्टीवरचं शून्य

३ मार्च १९१२ ही तारीख घातलेलं हार्वर्ड वेधशाळेचं १७३ क्रमांकाचं परिपत्रक जेमतेम तीन पानांचं आहे. त्यात २५ ताऱ्यांचं एक कोष्टक आहे, दोन आलेख आहेत आणि उरलेल्या जागेत मजकूर. सही वेधशाळेचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांची; पण हे टिपण कुमारी लेविट यांनी तयार केलं आहे, हे त्यांनी आरंभीच नोंदवलं आहे. हेन्रिएटा स्वान लेविट तेव्हा ४३ वर्षांच्या होत्या. त्यांना ऐकू फारच कमी येत असे आणि वेधशाळेत त्यांच्या कामाचा मोबदला तासाला ३० सेंट होता. दीर्घिकांची अंतरं, विश्वाचं प्रसरण, विश्वाचं वय या सगळ्या गोष्टींकडे जाणारी वाट या तीन पानांतून निघते. त्या वाटेवर पुढे काय घडलं, कुठे घोटाळा झाला आणि तो निस्तरायला चाळीस वर्षं का लागली, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

मागच्या प्रकरणात आपण पराशयाची पद्धत पाहिली. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर वर्षभरात किंचित सरकलेला दिसतो. त्या सरकण्याच्या कोनातून अंतर निघतं. बेसेल यांनी १८३८ मध्ये हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचं अंतर असं काढलं, ते सुमारे १० प्रकाशवर्षं भरलं. पद्धत निव्वळ भूमितीची असल्यामुळे तिच्यात कसलंही गृहीतक नाही. अडचण एकच: अंतर वाढतं तसा कोन लहान होत जातो, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दुर्बिणींना शंभर-दीडशे प्रकाशवर्षांच्या पलीकडचा कोन भरवशाने मोजता येत नसे. आकाशातले बहुतेक सगळे तारे त्या कुंपणाच्या बाहेर होते.

मग उरतो तो प्रकाश. अंतर दुप्पट झालं की ताऱ्याचा प्रकाश चौथा हिस्सा उरतो, तिप्पट झालं की नववा. म्हणजे तारा मुळात किती तेजस्वी आहे हे कळलं, तर तो दिसतो किती यावरून अंतर सहज काढता येईल. पण मुळातलं तेज कसं कळणार? हिवाळ्यातल्या रात्री दक्षिणेकडे पाहा. व्याध सगळ्या आकाशात सर्वांत ठळक, त्याच्या खालचा अगस्त्य दुसऱ्या क्रमांकावर. प्रत्यक्षात व्याध सूर्याच्या सुमारे २५ पट तेजस्वी आहे आणि अगस्त्य दहा हजार पटींहून अधिक. व्याध साडेआठ प्रकाशवर्षांवर आहे म्हणून बाजी मारतो. अगस्त्य ३०० प्रकाशवर्षांवर आहे. नुसतं पाहून यातलं काहीही सांगता येत नाही. म्हणून खगोलशास्त्रज्ञांना असा तारा हवा होता, की ज्याच्या खऱ्या तेजाची खूण अंतरामुळे पुसट होत नाही.

असे तारे माहीत होते, पण त्यांच्याकडे ती खूण आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात एडवर्ड पिगॉट आणि जॉन गुडरिक हे दोन मित्र तेज बदलणाऱ्या ताऱ्यांचा, म्हणजे रूपविकारी ताऱ्यांचा, पाठपुरावा करत होते. गुडरिक लहानपणापासून बहिरा होता. १७८४ च्या सप्टेंबरात पिगॉट यांना गरुड तारकासमूहातला ईटा हा तारा बदलताना आढळला आणि ऑक्टोबरात गुडरिकला वृषपर्वा तारकासमूहातला डेल्टा. वृषपर्व्याला युरोपीय भाषांत सेफियस म्हणतात. त्यावरून या जातीच्या ताऱ्यांना पुढे सेफीड हे नाव पडलं. दीड वर्षाने गुडरिक वारला, तेव्हा तो अवघा २१ वर्षांचा होता. त्याने काढलेला डेल्टाचा आवर्तकाल, ५ दिवस आणि जवळपास ९ तास, आजच्या आकड्याशी मिनिटांच्या फरकाने जुळतो. हा तारा झपाट्याने उजळतो, सावकाश मंदावतो आणि पुन्हा तेच, अगदी घड्याळासारखं.

ही लय आपल्याकडूनही नुसत्या डोळ्यांनी पाहता येते. पावसाळा सरल्यावर संध्याकाळी गरुडातला ठळक श्रवण शोधायचा आणि त्याच्या दक्षिणेला ईटा. त्याचा आवर्तकाल सात दिवसांहून थोडा जास्त आहे, आणि परमोच्च तेज किमान तेजाच्या दुपटीहून अधिक. शेजारच्या ताऱ्यांशी रोज तुलना करून वहीत नोंद ठेवली, तर दोन-तीन आठवड्यांत त्याचा चढउतार कागदावर उमटतो. ज्यांना शक्य आहे त्यांनी हे जरूर करावं. पुढचं सगळं प्रकरण याच चढउतारावर उभं आहे.

आता हार्वर्डकडे वळू. पिकरिंग यांनी आकाशाची छायाचित्रं घेण्याचं प्रचंड काम हाती घेतलं होतं. दक्षिण गोलार्धातलं आकाश टिपण्यासाठी पेरू देशात अरेकिपा इथे हार्वर्डचं ठाणं होतं. तिथल्या २४ इंची ब्रूस दुर्बिणीतून काचेच्या प्लेट काढल्या जात आणि जहाजाने अमेरिकेला पाठवल्या जात. त्यांची मोजदाद करायला वेधशाळेत स्त्रिया नेमलेल्या होत्या. विल्यमिना फ्लेमिंग, अँटोनिया मॉरी, अ‍ॅनी जंप कॅनन यांची नावं आज विज्ञानाच्या इतिहासात पक्की आहेत. दुर्बिणीला डोळा लावण्याचं काम पुरुषांचं, आणि प्लेटवरचे ठिपके मोजण्याचं काम स्त्रियांचं, अशी वाटणी होती. लेविट यांच्याकडे रूपविकारी तारे शोधण्याचं काम आलं.

काम कसं चाले ते समजून घेण्यासारखं आहे. निगेटिव्ह प्लेटवर तारे स्वच्छ काचेवरच्या काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात. एका रात्रीच्या निगेटिव्हची पॉझिटिव्ह प्रत काढायची, म्हणजे तिच्यावर तारे पांढरे होतात. मग ती दुसऱ्या रात्रीच्या निगेटिव्हवर नेमकी बसवायची. ज्या ताऱ्याचं तेज बदललेलं नाही, त्याचा काळा ठिपका पांढऱ्यावर बरोब्बर बसतो. जिथे काळ्याभोवती पांढरी कड दिसते किंवा पांढऱ्याबाहेर काळं डोकावतं, तिथे रूपविकारी तारा असण्याची शक्यता. मग त्या ताऱ्याची प्रत, म्हणजे तेजाचा दर्जा, प्रत्येक उपलब्ध प्लेटवर आसपासच्या ताऱ्यांशी ताडून ठरवायची. हजारो ठिपके, भिंगाखाली, एकेक करून.

१९०८ मध्ये लेविट यांनी मॅगेलनी मेघांतल्या १,७७७ रूपविकारी ताऱ्यांची यादी प्रसिद्ध केली. हे दोन मेघ म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या शेजारच्या छोट्या दीर्घिका. महाराष्ट्रातून ते जवळजवळ दिसतच नाहीत, इतके ते दक्षिणेला आहेत. त्या यादीतल्या फक्त १६ ताऱ्यांचे आवर्तकाल त्यांना काढता आले होते. त्या १६ जणांकडे पाहून, जे तारे जास्त तेजस्वी त्यांचे आवर्तकाल लांब आहेत ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे, एवढंच त्यांनी लिहून ठेवलं. चार वर्षांनी, आरंभी सांगितलेल्या परिपत्रकात, ताऱ्यांची संख्या २५ झाली. सगळे छोट्या मॅगेलनी मेघातले. सर्वांत छोटा आवर्तकाल सव्वा दिवसाचा, सर्वांत मोठा १२७ दिवसांचा. आलेखाच्या एका अक्षावर आवर्तकालाचा लॉगरिदम आणि दुसऱ्यावर प्रत मांडली, तेव्हा ठिपके जवळजवळ सरळ रेषेत बसले.

या ठिकाणी थोडं थांबायला हवं, कारण शोधाचं मर्म रेषेत जेवढं आहे तेवढंच ताऱ्यांच्या निवडीत आहे. आपल्या आकाशगंगेतले सेफीड घेऊन हाच आलेख काढला असता तर काय दिसलं असतं? एक तारा ५०० प्रकाशवर्षांवर, दुसरा ५ हजारांवर, तिसरा आणखी कुठे. दिसणाऱ्या तेजात अंतराची भेसळ झालेली, आणि ठिपके कागदभर विखुरलेले. लेविट यांचे २५ तारे मात्र एकाच मेघातले होते. मेघ आपल्यापासून इतका दूर, की त्यातले सगळे तारे ढोबळमानाने एकाच अंतरावर आहेत असं धरता येतं. ते अंतर किती हे त्यांना माहीत नव्हतं, आणि त्याने काही बिघडत नव्हतं. सगळ्यांसाठी ते सारखंच असल्यामुळे दिसणाऱ्या तेजातला फरक हा खऱ्या तेजातलाच फरक होता. मेघाला जाडी आहे, आणि ती तेव्हा वाटली त्यापेक्षा बरीच जास्त असल्याचं आज माहीत आहे. तरी संबंध झाकून टाकण्याइतकी ती नाही. लेविट यांनी हा युक्तिवाद परिपत्रकात स्वतः मांडला आहे. त्यांना नुसती कष्टाळू मोजणीदार म्हणून गौरवणाऱ्यांनी तो परिच्छेद वाचावा, असं मला मनापासून वाटतं. अज्ञात अंतर अज्ञातच ठेवून त्याला वाटेतून दूर करणं ही फार मोठ्या विचारवंताची चाल आहे.

थोडक्यात नियम असा: आवर्तकाल दसपट, तर प्रकाशही साधारण दसपट. आजच्या आकड्यांत सांगायचं तर ३ दिवसांचा सेफीड सुमारे १ हजार सूर्यांएवढा प्रकाश देतो आणि ३० दिवसांचा सुमारे १० हजार सूर्यांएवढा. आवर्तकाल मोजायला अंतर लागत नाही. तारा पाच हजार प्रकाशवर्षांवर असो की पाच कोटी, त्याच्या लयीत फरक पडत नाही. हवी होती ती खूण सापडली होती.

पण लेविट यांच्या आलेखावर एक जागा रिकामी होती. हा तारा त्या ताऱ्याच्या दसपट आहे एवढं तो सांगत होता. प्रत्यक्षात किती, हे सांगत नव्हता. म्हणजे मोजपट्टीवर रेघा समान अंतराने आखल्या होत्या, शून्य कुठे लावायचं ते ठरलं नव्हतं. त्यासाठी निदान काही सेफीडांचं अंतर दुसऱ्या स्वतंत्र मार्गाने कळायला हवं होतं. लेविट यांनी परिपत्रकात तशी अपेक्षाही व्यक्त केली आहे. मात्र सर्वांत जवळचा सेफीडसुद्धा पराशयाच्या त्या वेळच्या कुंपणाबाहेर होता.

यावर पहिला तोडगा काढला डेन्मार्कच्या आयनार हर्ट्झस्प्रुंग यांनी, १९१३ मध्ये. मेघातले हे तारे आणि आपल्या शेजारचा वृषपर्व्यातला डेल्टा एकाच जातीचे आहेत, हे त्यांनी ओळखलं. पुढची युक्ती सुरेख आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते तसा सूर्यही आपल्या सगळ्या ग्रहांसह ताऱ्यांमधून वाट काढत चालला आहे, आणि एका वर्षात तो पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे चौपट सरकतो. पृथ्वी फिरून जागेवर येते, सूर्य पुढेच जात राहतो. काही दशकं वाट पाहिली की पराशय मोजायला कितीतरी लांब पाया मिळतो. अडचण अशी की तारेही आपापल्या दिशेने चालतात, म्हणून एकट्या ताऱ्याचं सरकणं सूर्यामुळे किती आणि त्याचं स्वतःचं किती, हे वेगळं काढता येत नाही. पण बरेच तारे एकत्र घेतले तर त्यांच्या स्वतःच्या गती सरासरीत एकमेकींना खोडतात आणि सूर्यामुळे दिसणारं सरकणं शिल्लक राहतं. हर्ट्झस्प्रुंग यांनी १३ सेफीड घेतले, त्यांचं सरासरी खरं तेज काढलं आणि त्यावरून छोट्या मॅगेलनी मेघाचं अंतर काढलं. ते सुमारे ३० हजार प्रकाशवर्षं यायला हवं होतं. लेखात ३ हजार छापलं गेलं, एक शून्य गळालं. आज आपण ते अंतर सुमारे २ लाख प्रकाशवर्षं मानतो. तरीही पट्टीला शून्य लावण्याचा हा पहिला प्रयत्न होता, आणि विश्व मोजण्याच्या इतिहासात हर्ट्झस्प्रुंग यांना मिळतं त्याहून मोठं स्थान मिळायला हवं.

हे तारे धडधडतात तरी का? त्यांचं तेज बदलतं, कारण ते स्वतः फुगतात आणि आकसतात. हार्लो शॅप्ली यांनी १९१४ मध्ये ही कल्पना ठामपणे मांडली आणि आर्थर एडिंग्टन यांनी तिला गणिताचा पाया दिला. आकसणारा तारा आपोआप काही काळाने शांत व्हायला हवा. स्पंदन टिकायचं तर प्रत्येक फेरीत कुठून तरी जोर मिळाला पाहिजे. भांड्यावरचं झाकण वाफ कोंडतं, दाब वाढला की उचललं जातं, वाफ निसटली की पुन्हा बसतं, तसं काहीतरी ताऱ्याच्या आत असलं पाहिजे, असा एडिंग्टन यांचा अंदाज होता. ते झाकण हीलियमचं आहे हे १९५० च्या दशकात रशियन शास्त्रज्ञ सर्गेई झेवाकिन यांनी दाखवलं. ताऱ्याच्या पृष्ठाखाली जिथे तापमान ४० हजार अंशांच्या आसपास असतं, तिथे हीलियमच्या अणूला उरलेला दुसरा इलेक्ट्रॉनही सोडावा लागतो. तारा आकसला की हा थर तापतो, जास्त इलेक्ट्रॉन सुटतात, थर अधिक अपारदर्शक होतो आणि आतून येणारा प्रकाश अडवतो. दाब वाढून थर बाहेर ढकलला जातो. फुगल्यावर तो निवतो, इलेक्ट्रॉन अणूंकडे परततात, थर पारदर्शक होतो, कोंडलेली उष्णता निघून जाते आणि तारा पुन्हा आत कोसळू लागतो.

मोठा तारा सावकाश का धडधडतो, याचं उत्तर घनतेत आहे. जास्त तेजस्वी सेफीड प्रचंड फुगलेले आणि म्हणून विरळ असतात. घनता जितकी कमी, तितकं आतबाहेर होण्याला लागणारं काळाचं माप मोठं. लेविट यांच्या सरळ रेषेमागे हे भौतिकशास्त्र आहे.

आपल्याला सर्वांत जवळचा सेफीड कोणता, हे कळल्यावर अनेकांना नवल वाटतं. तो आहे ध्रुव. ज्याला आपण अढळ म्हणतो, लग्नात नवरानवरीला ज्याचं दर्शन घडवतो, तो तारा जवळजवळ दर चार दिवसांनी एकदा फुगतो आणि आकसतो. हे स्पंदन इतकं हलकं आहे की डोळ्याला कळत नाही. त्याचं तेज बदलतं हे १९११ मध्ये पक्कं केलं तेही हर्ट्झस्प्रुंग यांनीच. विसाव्या शतकात ही धडधड मंदावत गेली आणि नंतर पुन्हा थोडी वाढली. असं का होतं, यावर अजून काम चालू आहे.

शॅप्ली यांनी मोजपट्टी हातात घेतली आणि १९१८ पर्यंत आकाशगंगेचा नकाशा बदलून टाकला. गोलाकार तारकागुच्छांतल्या स्पंदनशील ताऱ्यांवरून त्यांनी गुच्छांची अंतरं काढली आणि सूर्य आकाशगंगेच्या मध्यावर नसून पार एका बाजूला आहे हे दाखवलं. आकाशगंगेची रुंदी मात्र त्यांनी ३ लाख प्रकाशवर्षं काढली, आजच्या मापाच्या जवळपास तिप्पट. एवढ्या अवाढव्य आकाशगंगेच्या बाहेर आणखी काही असेल हे त्यांना पटेना. देवयानीतल्या तेजोमेघासारखे सर्पिल मेघ आपल्यातलेच आहेत असं त्यांचं मत होतं. २६ एप्रिल १९२० ला वॉशिंग्टन इथे हेबर कर्टिस यांच्याशी त्यांचा या विषयावर जाहीर वाद झाला. निकाल लागला नाही.

निकाल लागला तो शॅप्ली यांच्याच पट्टीने. माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीतून ५ ऑक्टोबर १९२३ च्या रात्री एडविन हबल यांनी देवयानीची एक प्लेट काढली. तिच्यावर त्यांना तीन नवतारे दिसले, म्हणून त्यांनी तीन ठिकाणी तशी खूण केली. जुन्या प्लेटशी ताडून पाहिल्यावर त्यातला एक तारा उजळत आणि मंदावत आल्याचं आढळलं. खूण खोडून त्यांनी तिथे रूपविकारी अशी नोंद केली आणि पुढे उद्गारचिन्ह दिलं. तो सेफीड होता, आवर्तकाल ३१.४ दिवस. एवढी संथ लय म्हणजे हजारो सूर्यांचं तेज, आणि तरीही तारा अगदी अंधूक. अंतर निघालं ९ लाख ३० हजार प्रकाशवर्षं. देवयानी आकाशगंगेच्या पुष्कळ बाहेर होती, स्वतंत्र दीर्घिका होती. फेब्रुवारी १९२४ मध्ये हबल यांनी शॅप्ली यांना पत्राने कळवलं. या पत्राने माझं विश्व मोडलं, असं शॅप्ली तेव्हा म्हणाल्याचं त्या वेळी हार्वर्डमध्ये असलेल्या सेसिलिया पेन यांनी पुढे सांगितलं आहे. लेविट हे सगळं पाहायला नव्हत्या; १२ डिसेंबर १९२१ ला कर्करोगाने त्यांचं निधन झालं होतं. १९२५ मध्ये स्वीडनचे गणिती मिटाग-लेफ्लर यांनी नोबेलसाठी त्यांचं नाव सुचवण्याच्या विचाराने हार्वर्डला पत्र लिहिलं, तेव्हा कुठे त्यांना ती बातमी कळली.

देवयानीचं अंतर आज २५ लाख प्रकाशवर्षं मानलं जातं. म्हणजे हबल यांचा आकडा अडीच-पावणेतीन पटींनी कमी होता. देवयानी आत की बाहेर, एवढाच प्रश्न असताना ही चूक खपून गेली. १९२९ मध्ये ती अंगाशी आली. दीर्घिका जितकी दूर तितक्या वेगाने ती आपल्यापासून दूर जाते, हा संबंध हबल यांनी मांडला, आणि प्रसरणाचा दर काढला: दर मेगापार्सेकला, म्हणजे ३२ लाख ६० हजार प्रकाशवर्षांमागे, सेकंदाला सुमारे ५०० किलोमीटर. हे प्रसरण उलट दिशेने मोजत गेलं तर विश्वाचं वय सुमारे २०० कोटी वर्षं निघतं. तिकडे भूवैज्ञानिक किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून पृथ्वीचं वय ३०० कोटी वर्षांपर्यंत नेत होते. पृथ्वी विश्वाहून जुनी कशी असेल? या पेचामुळे अनेकांनी विश्वाला आरंभ असल्याच्या कल्पनेवरच शंका घेतली. फ्रेड हॉइल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या स्थिर-स्थिती सिद्धांतामागे हाही एक विचार होता. हॉइल यांचे शिष्य जयंत नारळीकर यांनी हा सिद्धांत पुढे हिरिरीने लावून धरला, हे मराठी वाचकांना ठाऊक आहेच.

पेच सोडवला तो वाल्टर बाडे यांनी. ते जर्मन नागरिक होते; दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत त्यांना परकी शत्रू ठरवलं गेलं आणि लष्करी संशोधनात घेतलं नाही. सहकारी युद्धकार्यात गुंतलेले, त्यामुळे माउंट विल्सनची १०० इंची दुर्बीण बाडे यांना हवी तितकी मिळाली. शिवाय हवाई हल्ल्याच्या भीतीने लॉस एंजलिसचे दिवे मंद केलेले असत, आकाश काळंभोर असे. देवयानीच्या मध्यभागातले तारे त्यांना प्रथमच सुटे दिसले. त्यावरून त्यांनी ताऱ्यांचे दोन गट पाडले: सर्पिल भुजांमधले निळसर, तरुण तारे, आणि मध्यभागातले व तारकागुच्छांमधले तांबूस, जुने तारे.

युद्धानंतर पालोमारची २०० इंची दुर्बीण चालू झाली. देवयानी हबल यांच्या अंतरावर असेल, तर गोलाकार गुच्छांत आढळतात ते स्वरमंडल जातीचे तारे, ज्यांचा आवर्तकाल एका दिवसाहून कमी असतो, या दुर्बिणीला तिथे दिसायला हवे होते. बाडे यांना ते दिसले नाहीत. दुर्बिणीच्या आवाक्याच्या अगदी टोकाला दिसले ते फक्त सर्वांत तेजस्वी तांबडे तारे. आपल्याकडच्या गुच्छांमध्ये हे तांबडे तारे स्वरमंडल जातीच्या ताऱ्यांहून सुमारे चौपट तेजस्वी असतात. म्हणजे हवे असलेले तारे अपेक्षेहून चौपट अंधूक होते, म्हणजेच देवयानी दुप्पट दूर होती.

चूक कुठे होती? सेफीड दोन प्रकारचे निघाले. लेविट आणि हबल यांचे सेफीड तरुण, वजनदार. शॅप्ली यांच्या गुच्छांमधले सेफीड जुने, हलके. तेवढ्याच आवर्तकालाला त्यांचं तेज जवळपास चौथा हिस्सा. दोघांना एकाच रेषेत बसवल्यामुळे तरुण सेफीडांचं शून्य चुकलं. त्यात ताऱ्यांमधल्या धुळीने गिळलेला प्रकाशही हिशेबात धरलेला नव्हता. त्या धुळीचा पक्का पुरावा रॉबर्ट ट्रम्पलर यांनी १९३० मध्ये दिला होता. १९५२ मध्ये रोमच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत बाडे यांनी आपला निष्कर्ष सांगितला. लगेच प्रिटोरियाच्या रॅडक्लिफ वेधशाळेचे डेव्हिड थॅकरे उठले आणि त्यांनी छोट्या मॅगेलनी मेघातल्या एका तारकागुच्छात स्वरमंडल जातीचे तारे सापडल्याचं सांगितलं. तेही अपेक्षेहून अंधूक होते. दीर्घिकांची सगळी अंतरं एका बैठकीत दुप्पट झाली. त्या बैठकीच्या नोंदी घेत होते फ्रेड हॉइल. लेविट यांच्या रेषेचा उतार या सगळ्यात जागच्या जागी राहिला, हे मला विशेष वाटतं.

पुढच्या दुरुस्त्या भराभर सांगता येतील. अ‍ॅलन सँडेज यांनी १९५८ पर्यंत प्रसरणाचा दर ७५ च्या आसपास आणला, आणि मग तो ५० की १०० यावर दोन गटांत अनेक वर्षं भांडण चाललं. १९९० मध्ये अवकाशात गेलेल्या हबल दुर्बिणीने कन्या समूहातल्या, ५ कोटींहून अधिक प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकांमधले सेफीड सुटे दाखवले. वेंडी फ्रीडमन यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने २००१ मध्ये दर ७२ असा दिला. सेफीड पोचत नाहीत तिथे सुपरनोव्हा वापरतात. पण सुपरनोव्हांचं तेजही बहुतेक वेळा ठरतं ते सेफीडांवरूनच.

मग गाया. युरोपचा हा उपग्रह डिसेंबर २०१३ मध्ये गेला आणि त्याने हजारो सेफीडांचे पराशय मोजले. लेविट यांना हवी होती ती गोष्ट शंभर वर्षांनी हाती आली. पण इथेही शून्याने पिच्छा सोडला नाही. अब्जावधी प्रकाशवर्षांवरच्या क्वेसारांचा पराशय शून्य यायला हवा. गायाच्या मोजणीत तो सरासरीने शून्याच्या किंचित खाली येतो: २०२० च्या नोंदींत उणे १७ मायक्रोआर्कसेकंद. हा कोन अतिसूक्ष्म आहे, तरी काही हजार प्रकाशवर्षांवरच्या सेफीडाच्या अंतरात त्याने काही टक्क्यांचा फरक पडतो, आणि ताऱ्याच्या रंगाप्रमाणे व तेजाप्रमाणे तो बदलतो. म्हणून आणखी दोन आधार जोडलेले असतात: मोठ्या मॅगेलनी मेघातल्या, एकमेकांना झाकणाऱ्या ताऱ्यांच्या जोड्यांवरून एका टक्क्याच्या अचूकतेने काढलेलं त्या मेघाचं अंतर, आणि एनजीसी ४२५८ या दीर्घिकेच्या केंद्राभोवती फिरणाऱ्या पाण्याच्या रेणूंच्या रेडिओ लहरींवरून काढलेलं तिचं अंतर.

एवढी खबरदारी लागते, कारण आज भांडण थोड्या टक्क्यांवर आलं आहे. अ‍ॅडम रीस यांचा गट सेफीड आणि सुपरनोव्हा वापरून प्रसरणाचा दर ७३ काढतो, एखाद्या एककाच्या इकडेतिकडे. प्लँक उपग्रहाने टिपलेल्या आदिविश्वाच्या प्रारणावरून, प्रचलित प्रतिमान धरून, तो ६७.४ येतो. दूरच्या दीर्घिकांत सेफीडाच्या प्रकाशात शेजारच्या ताऱ्यांचा प्रकाश मिसळून मोजणी फसली असेल, अशी शंका होती. वेब दुर्बिणीने १३ कोटी प्रकाशवर्षांपर्यंतचे, एकूण हजारावर सेफीड पुन्हा पाहिले. हबल दुर्बिणीची मोजणी बरोबर ठरली. फ्रीडमन यांचा गट तांबड्या महाकाय ताऱ्यांवरून ७० च्या आसपास येतो आणि फरक वाटतो तेवढा नसेल असं म्हणतो. गायाने शेवटचे वेध जानेवारी २०२५ मध्ये घेतले. त्याच्या साडेदहा वर्षांच्या नोंदींची छाननी चालू आहे. तीतून सेफीडांचे पराशय आणखी पक्के झाले आणि ती उणे बाजूची चूक ताऱ्यागणिक नीट उलगडली, तर ७३ चा आकडा टिकतो की सरकतो, हे ठरवायला गायाच्या शून्याची मोठी मदत होईल.